इमारतीला कुलूप, देवघेव चालू: वाचनालय बंद ठेवावं लागलं तर काय करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली आपली बरीच मराठी वाचनालयं जुन्या इमारतींत आहेत. कौलं गळायला लागतात, भिंतीला ओल धरते, वायरिंग जळतं, आणि एक दिवस कार्यकारिणीला ठराव करावा लागतो: दुरुस्तीसाठी दोन महिने बंद. दारावर कागद चिकटतो, कुलूप लागतं. पुन्हा उघडल्यावर लक्षात येतं की सकाळी पेपर वाचायला येणारी मंडळी दुसरीकडे बसायला लागली आहेत, अभ्यासिकेतली पोरं पांगली आहेत आणि दर आठवड्याला कादंबरी बदलायला येणाऱ्या बायकांनी वर्गणी थांबवली आहे. रंग लावलेल्या भिंती आहेत, माणसं नाहीत.

आपल्या भागात हे नुकसान जास्त खोल जातं. पुण्या-मुंबईत एक वाचनालय बंद झालं तर दुसरं सापडतं. इथं गल्लीतल्या मुलाला शाळेत मराठी नसेल, तर मराठी पुस्तक हातात येण्याची जागा बऱ्याचदा हे एकच वाचनालय असतं. १८४८ साली स्थापन झालेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयापासून ही परंपरा चालत आली आहे. ती टिकली ती रोजच्या येण्या-जाण्यामुळे. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: बंद ठेवायची ती इमारत. देवघेव एक दिवसही थांबता कामा नये. ते कसं जमवायचं, ते क्रमानं सांगतो.

तारीख सोयीची निवडा

दहावी आणि पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असतात. त्या काळात अभ्यासिकेला हात लावू नका. दुसऱ्या बाजूला जून उभा आहे. जांबोटी-कणकुंबीकडे तर पाऊस एकदा लागला की छपरावर माणूस चढू शकत नाही. म्हणजे शाकारणी, छपराची लाकडं बदलणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग ही कामं एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत उरकायची. वायरिंग, रंग, फरशी ही आतली कामं पाऊस संपल्यावर घ्या. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असतो, त्यात पुन्हा दार उघडायला निमित्तही छान मिळतं.

कंत्राटदार सांगेल त्यात निदान पंधरा दिवस मिळवा आणि ती वाढीव तारीख जाहीर करा. आठवडा आधी उघडलं तर लोक खूश होतात. तारीख दोनदा पुढं ढकलली की तिसऱ्यांदा कुणी विचारायला येत नाही.

कोण येतं, कशासाठी येतं

ठराव झाल्यावर ग्रंथपाल आणि कार्यकारिणीतल्या दोघांनी देवघेवीचं रजिस्टर घेऊन एक संध्याकाळ बसावं. गेल्या तीन महिन्यांत पुस्तक नेलेल्या प्रत्येक सभासदाच्या नावापुढं गल्ली लिहायची. शहापूरचे किती, वडगावचे किती, अनगोळचे किती, हे डोळ्यांपुढं येतं. खेडेगावात असाल तर वाड्या-वस्त्यांप्रमाणे तेच करा. पुढची सगळी व्यवस्था या एका कागदावर उभी राहते, म्हणून हे काम टाळू नका.

रजिस्टरात न सापडणारे वाचकही असतात. मोफत वाचन विभागात पेपर वाचून जाणारे, फक्त बसून अभ्यास करणारे, आणि आजीबरोबर येऊन चित्रांची पुस्तकं चाळणारी मुलं. शिपायाला विचारा. त्याला या सगळ्यांची नावं आणि येण्याची वेळ पाठ असते.

सूचना अशी लिहा

बंदच्या सूचनेत आपण बंद काय ते लिहितो आणि चालू काय ते विसरतो. नमुना देतो, आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या:

«छपराच्या दुरुस्तीसाठी वाचनालयाची इमारत १५ एप्रिल ते ३१ मे बंद राहील. पुस्तकांची देवघेव चालू राहील. रोज संध्याकाळी ५ ते ७ मारुती मंदिराच्या सभामंडपात पुस्तकं बदलून मिळतील. वर्तमानपत्रं सकाळी ७ ते १० तिथंच वाचायला मिळतील. या काळात विलंब शुल्क घेतलं जाणार नाही. सर्व सभासदांची मुदत दीड महिन्यानं वाढवली आहे. ज्यांना येणं शक्य नाही त्यांनी ग्रंथपालांना फोन करावा, पुस्तक घरी पोचवू.»

हीच सूचना कन्नडमध्येही लावा. शेजारचे कन्नड वाचकही आपल्याकडे पेपर वाचायला येतात. दारावर तर लावाच, पण दूध डेअरी, पिठाची गिरणी, शाळेचा फलक आणि देवळाचा कट्टा या जागी ती जास्त वाचली जाते. स्थानिक दैनिकांना दोन ओळींची बातमी द्या.

मुदतवाढीचा आणि विलंब शुल्क माफीचा ठराव इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढं हिशेब तपासणीस विचारतो तेव्हा तोंडी उत्तर चालत नाही.

कुलूप लावण्याआधी पुस्तकं वाटा

एरवी सभासदाला एका वेळी एक किंवा दोन पुस्तकं मिळतात. इमारत बंद होण्याआधीच्या आठवड्यात ही मर्यादा दहावर न्या. मुलांना पाच. परतीची तारीख इमारत उघडल्यानंतरची द्या.

कार्यकारिणीत यावर हमखास कुरकुर होते. पुस्तकं परत येतील का, हा प्रश्न रास्त आहे. पण हिशेब करून बघा. दोनशे सभासदांनी सरासरी सहा पुस्तकं नेली तर बाराशे पुस्तकं तुम्हाला बांधावी लागत नाहीत, वाहून न्यावी लागत नाहीत, आणि ती धुळीत, ओलीत पडत नाहीत. घराघरात ती कोरडी राहतात आणि वाचली जातात. गोदामात रचलेल्या पुस्तकाला वाळवी लागण्याचा धोका सभासदाच्या घरातून हरवण्याच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. अनामत रकमेपेक्षा महाग ग्रंथ यातून वगळा: कोश, संदर्भग्रंथ, चित्रांचे मोठे ग्रंथ. बाकीचं मोकळ्या मनानं द्या.

देताना दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला त्या प्रतीचा क्रमांक), सभासद क्रमांक आणि फोन नंबर तिन्ही लिहा. गर्दीत फक्त पुस्तकाचं नाव लिहिलं जातं आणि एकाच नावाच्या तीन प्रती असल्या की नंतर पत्ता लागत नाही.

बांधाबांध आणि ओल

उरलेली पुस्तकं कपाटाच्या क्रमानं बांधा. विषय नव्यानं लावण्याची हौस या वेळी करू नये. खोकं पंधरा किलोपेक्षा जड झालं तर तळ फाटतो आणि उचलणाऱ्याची पाठ धरते, म्हणून लहान खोकी घ्या. प्रत्येकावर दोन बाजूंनी लिहा: कपाट ३, खण २, दाखल क्रमांक अमुक ते तमुक. तीच यादी एका वहीत ठेवा आणि ती वही खोक्यात न टाकता ग्रंथपालाकडे ठेवा.

खोकी थेट जमिनीवर ठेवू नका. खाली लाकडी पट्ट्या किंवा विटांवर फळी घाला आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडा, म्हणजे हवा खेळते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून महिनोन्महिने ठेवलेली पुस्तकं आतल्या दमटपणानं बुरसतात. धूळ येऊ नये म्हणून वर सुती चादर पुरते. कसर लागू नये यासाठी वेखंडाची किंवा वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवतात ती ठेवा. तिच्या भरवशावर न राहता पंधरा दिवसांतून एकदा चार खोकी उघडून बघा.

एका गोष्टीला वेगळं वागवा. जुने अहवाल, बांधीव वृत्तपत्रं, संमेलनांच्या स्मरणिका, हस्तलिखित इतिवृत्तं. बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं झाली. १९४६ चं संमेलन ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. अशा प्रसंगांचे कार्यक्रमपत्रिकेसारखे कागद, पत्रकं, फोटो आपल्या लहान वाचनालयांच्या कपाटांत अजून निघतात आणि त्यांची दुसरी प्रत कुठं असेलच असं नाही. हे कागद कंत्राटदाराच्या टेम्पोत घालू नका. कार्यकारिणीतल्या माणसानं हातानं न्यावेत, वरच्या मजल्यावरच्या कोरड्या घरात ठेवावेत. नेण्याआधी प्रत्येक पानाचा फोनवर उजेडात फोटो काढून घ्या.

आणि पाणी शिरलंच तर? ऑगस्ट २०१९ च्या पुरानं जिल्ह्याला दाखवून दिलं की वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, मलप्रभा कुठवर येऊ शकतात. पाणी ओसरल्यावर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. साधारण ४८ ते ७२ तासांत बुरशी धरते. भिजलेलं पुस्तक जबरदस्तीनं उघडू नका, पानं लगद्यासारखी फाटतात. ओलं चिंब असेल तर आधी उभं निथळू द्या. मग दर वीस-पंचवीस पानांमध्ये कोरा कागद घाला. छापील रद्दी नको, तिची शाई उतरते. कागद ओला झाला की बदला. ओल कमी झाली की पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी पसरा आणि खोलीत पंखा चालू ठेवा. वारा थेट पुस्तकावर नको. कडक उन्हात तर मुळीच नको, बांधणी वाकडी होते. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं सगळ्यात आधी घ्या, कारण तो कागद वाळताना एकमेकांना चिकटला की पुन्हा सुटत नाही. एकदम सगळं वाळवणं जमत नसेल तर मौल्यवान पुस्तकं पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवता येतात. गोठवल्यानं बुरशी थांबते आणि सवडीनं एकेक काढून वाळवता येतं. गावात आइस्क्रीमवाल्याकडे किंवा दूध डेअरीत फ्रीजर असतो, आधीच विचारून ठेवा. बुरशी दिसलेली पुस्तकं तोंडाला मास्क लावून, वेगळ्या जागी.

पेपरचा कट्टा

सकाळच्या वाचकांसाठी जागा सगळ्यात आधी शोधा. त्यांना सात वाजता पेपर हवा असतो आणि तो रोज त्याच जागी हवा असतो. देवळाचा सभामंडप, तालमीची ओसरी, गल्लीतल्या पंचांची खोली, यातलं काहीही चालेल. बसायला बाक, वाचायला उजेड, प्यायला पाणी आणि जवळपास स्वच्छतागृह, एवढं असलं पाहिजे. पेपर टाकणाऱ्याला नवा पत्ता एक दिवस आधी सांगा. एक कन्नड दैनिकही ठेवा. संध्याकाळी कुणीतरी पेपर गोळा करून तारखेप्रमाणे लावून ठेवायचे, नाहीतर महिन्याभरात अंकांची साखळी तुटते आणि बांधणीला काही उरत नाही.

गल्लीत पेटी

माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत उपयोगाची गोष्ट ही आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या «ग्रंथ तुमच्या दारी» उपक्रमानं पुस्तकांची पेटी किती लांब जाऊ शकते ते दाखवलंच आहे. आपल्याला ती फक्त चार गल्ल्या न्यायची आहे.

पत्र्याची एक ट्रंक घ्या. त्यात तीस पुस्तकं. बारा-पंधरा कथा-कादंबऱ्या, सहा-सात मुलांची, चार चरित्रं, एखादं पाककृतींचं, एखादं आरोग्याचं, आणि बाकी दिवाळी अंक. दिवाळी अंक पेटीसाठी फार चांगले. एका बसण्यात एक कथा होते, आणि अंक जुना असला तरी चालतो. झाकणाच्या आत यादी चिकटवा. बरोबर दोऱ्यानं बांधलेली वही: तारीख, दाखल क्रमांक, नाव, घर, परत. पाच रकाने पुरे. वहीला पेन बांधलेलं असू द्या.

पेटी कुणाकडे ठेवायची, यावर तिचं नशीब ठरतं. सगळ्यात मोठ्या घरात ठेवू नका, लोक संकोचतात. ज्या जागी माणसं तशीही थांबतात ती जागा बघा. पिठाची गिरणी उत्तम. दळण होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं बायका तिथं उभ्या असतात. कुणीतरी ट्रंक उघडतं, चाळतं, आणि मागून आवाज येतो, «ते घेऊन जावा की, लिहून ठेवा वहीत.» शिवणकामाचं दुकान, दूध डेअरी, महिला मंडळाची खोली या पुढच्या जागा. सांभाळणाऱ्याला सांगायचं, पुस्तक हरवलं तर तुमच्यावर काही येणार नाही. हे स्पष्ट सांगितल्याशिवाय कुणी जबाबदारी घेत नाही.

चार पेट्या असतील तर दर पंधरा दिवसांनी त्या पुढच्या गल्लीत सरकवा. दोन महिन्यांत प्रत्येक गल्लीला १२० पुस्तकं बघायला मिळतात. सरकवताना वही बघा. कुठल्या गल्लीत काय वाचलं जातं ते तिच्यात लिहिलेलं असतं, आणि पुढच्या वर्षीची पुस्तक खरेदी त्यावरून ठरवता येते.

अभ्यास करणारी मुलं

यांना जागा, शांतता आणि सलग वेळ हवा. शाळेचा वर्ग संध्याकाळनंतर मिळतो का बघा, मुख्याध्यापकांना कार्यकारिणीचं लेखी पत्र द्या, किल्लीची जबाबदारी दोन नावांवर लिहा. हेस्कॉमची वीज जाते तेव्हासाठी चार्जिंगचे दिवे ठेवा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, वार्षिकी, कन्नड व्याकरण आणि शब्दकोश एका पेटीत «फक्त इथं वाचण्यासाठी» म्हणून ठेवा. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना कन्नडचा पेपर असतो, आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलांना त्याचीच धास्ती असते. गावातल्या एखाद्या कन्नड शिक्षकानं आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर दिला तर बंदच्या काळातलं हे सगळ्यात मोलाचं काम ठरेल. मुली असतील तर बंद करण्याची वेळ त्यांना विचारून ठरवा.

मुलांसाठी

उन्हाळ्याची सुट्टी आणि वाचनालय बंद, हे दोन्ही एकदम आलं तर मुलं हातची जातात. सकाळी दहाच्या आत, सावलीत, आठवड्यातून तीनदा गोष्टींचा तास घ्या. आपल्या भागात बरीच मराठी घरांतली मुलं इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात आहेत. ती मराठी फाडफाड बोलतात आणि देवनागरी मात्र अडखळत वाचतात. अशा मुलाला सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. मोठ्यानं वाचणारं माणूस बसवा, मुलांच्या हातात त्याच पुस्तकाच्या प्रती द्या आणि बोट ठेवून मागोमाग येऊ द्या. दोन-तीन आठवड्यांत एखादी मुलगी स्वतःच म्हणते, «पुढचं मी वाचू?» तेवढी वाट बघायची.

आजोबा-आजींना बोलवा. जुन्या बेळगावच्या गोष्टी, शेतातल्या गोष्टी, त्यांच्या बोलीत. कडोली, कुद्रेमानी, येळ्ळूर, उचगाव अशा गावांनी ग्रामीण साहित्य संमेलनं भरवून दाखवली आहेत. लिहिणारी, बोलणारी माणसं आपल्याच आसपास आहेत, बाहेरून वक्ता आणलाच पाहिजे असं नाही.

सरकारी ग्रंथालयाकडे हक्कानं जा

घरपट्टीची पावती काढून बघा. त्यात ग्रंथालय उपकर असतो. कर्नाटकाच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार तो घेतला जातो आणि करावर सहा टक्के असतो. म्हणजे सरकारी ग्रंथालयाचे पैसे आपण आधीच भरतो. ग्रामपंचायतींची ग्रंथालयं २०१९ पासून ग्रामविकास खात्याकडे आहेत, त्यांना अरिवु केंद्र, म्हणजे ज्ञान केंद्र म्हणतात. २०२० साली «ओदुव बेळकु» कार्यक्रमात ६ ते १८ वर्षांच्या मुलांना तिथं मोफत सभासदत्व सुरू झालं. आपलं वाचनालय बंद असताना मुलांना तिथं घेऊन जा, नावं नोंदवा. तिथं मराठी पुस्तकं कमी असतील तर सभासदांच्या सह्यांचा अर्ज द्या, हव्या असलेल्या पुस्तकांची यादी जोडा आणि पोच घ्या. तोंडी मागणीची नोंद राहत नाही. आपल्या पेट्यांपैकी एखादी तिथं ठेवता येईल का, तेही ग्रंथपालांना विचारा. एकाच गावातली दोन ग्रंथालयं एकमेकांना धरून राहिली तर दोघांचंही भलं आहे.

फोनवर काय देता येईल

मराठी विश्वकोश जालावर मोफत आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर आठवड्यातून एकदा यातलं एक पुस्तक सुचवा, दुव्यासह. रोज दहा टाकले तर कुणी उघडत नाही.

मात्र छापील पुस्तकं स्कॅन करून गटावर टाकू नका. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. इंदिरा संत बेळगावात राहिल्या, आपल्या वाटतात, पण त्या २००० साली गेल्या, त्यांच्या कवितांचे हक्क २०६० पर्यंत आहेत. दृष्टी गेलेल्या ज्येष्ठांसाठी खुल्या पुस्तकांचं वाचन आवाजात रेकॉर्ड करून पाठवता येतं. त्याहून चांगलं म्हणजे ठरलेल्या वेळी फोन करून पंधरा मिनिटं वाचून दाखवणं. दोन स्वयंसेवक मिळाले तरी पाच-सहा घरं होतात.

पुन्हा उघडताना

खोकी परत आणण्याआधी भिंती आणि छप्पर खरंच सुकलंय का ते बघा. नव्या प्लास्टरची ओल पुस्तकात उतरते. निदान आठवडाभर दारं-खिडक्या उघड्या ठेवा. लावतानाच ग्रंथ पडताळणी करून घ्या, कारण प्रत्येक पुस्तक हातातून जातंच. फाटकी, वाळवीनं खाल्लेली पुस्तकं निर्लेखनासाठी बाजूला काढा, रीतसर ठराव करून मगच दाखल नोंदवहीतून कमी करा.

वाटलेल्या पुस्तकांसाठी पहिला महिना पूर्ण माफीचा ठेवा. दंडाची भीती असली की पुस्तक कपाटातच राहतं. महिन्यानंतर न आलेल्यांना फोन, मग घरी जाऊन भेट. नोटीस सगळ्यात शेवटी.

उद्घाटनाला पाहुणा बोलवायचा तर बोलवा, पण पहिल्या रांगेत गिरणीवाले, डेअरीवाले, सभामंडप देणारे पंच आणि वर्ग देणारे मुख्याध्यापक बसलेले असावेत. आणि ज्या गल्लीत पेटीची वही भरलेली आहे, तिथली पेटी परत आणू नका. दर पंधरा दिवसांनी पुस्तकं बदलायचं काम एका माणसाला नेमून द्या आणि ते वार्षिक अंदाजपत्रकात लिहा.